अहिंसा कशी करतात ते पण छापा न

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 2 ऑक्टोबर आणि 30 जानेवारीला तुमच्या पेपरात गांधीजींवर एक पान असतंच, 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला बाबासाहेबांवर पुरवणी असते, मी ती सगळी वाचतो, काही कात्रणं तर अजून कपाटात आहेत. पण एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात आहे ती आज लिहूनच टाकतो. या पानांवर माणूस किती थोर होता हे भरभरून असतं, फोटो मोठ्ठा असतो, कोणीतरी आजी-माजी कुलगुरू "आज त्यांच्या विचारांची गरज आहे" असं लिहितात, झालं. त्यांनी नेमकं केलं काय, लोकांना जमवलं कसं, शिकवलं काय, मार बसेल तेव्हा काय करायचं हे आधी ठरलं होतं का, समोरच्याशी बोलणी कोणी केली, हरले तेव्हा पुढे काय, हे कुठेच नसतं. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की अहिंसा हा एक स्वभाव आहे, काही संत माणसांना असतो, आपल्याला नाही, आणि तो पान उलटून क्रिकेटकडे जातो. त्याचं तरी काय चुकलं?

आता आपल्याच गावची एक गोष्ट सांगतो जी नागपुरात फार कमी लोकांना माहीत असते. 1953 मध्ये जेम्स लॉसन नावाचा चोविशीतला एक कृष्णवर्णीय अमेरिकन पोरगा आपल्या हिस्लॉप कॉलेजात आला, मेथडिस्ट चर्चतर्फे, पोट्ट्यांना खेळ शिकवायला आणि मिशनरी म्हणून काम करायला. त्याआधी तो अमेरिकेत तुरुंगात राहून आला होता कारण कोरियाच्या युद्धाच्या वेळी त्याने सक्तीच्या लष्करभरतीला साफ नकार दिला होता. तेव्हा गांधीजींना जाऊन पाचच वर्षं झाली होती, त्यांच्यासोबत काम केलेली माणसं आजूबाजूला होती, सेवाग्राम इथून पाऊणशे किलोमीटर. तो जवळपास तीन वर्षं राहिला, वाचलं, माणसांना भेटला, सत्याग्रह उभा कसा राहतो ते शिकला. आणि डिसेंबर 1955 मध्ये त्याने नागपूर टाइम्स उघडला तर त्यात बातमी, की अमेरिकेत मॉन्टगोमेरी नावाच्या शहरात काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकलाय आणि किंग नावाचा एक तरुण पाद्री त्यांचा पुढारी आहे. म्हणजे बघा, मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचं आंदोलन त्याला सिव्हिल लाइन्समध्ये बसून आपल्या गावच्या पेपरातून समजलं! पुढे 1957 च्या फेब्रुवारीत ओबर्लिन कॉलेजात दोघांची भेट झाली तेव्हा किंग त्याला म्हणाले की शिक्षण संपायची वाट बघू नको, आत्ताच दक्षिणेत ये, हे शिकलेला तुझ्यासारखा दुसरा कोणी आमच्याकडे नाही.

आमच्या कॉलनीच्या वाचनालयात रविवारी सकाळी आमचा एक छोटासा कट्टा जमतो, काही रिटायर मंडळी, दोन-तीन कॉलेजच्या पोरी, एक प्राथमिक शाळेच्या बाई, असे. तिथे हे लॉसन प्रकरण निघालं आणि मग आम्ही सुटलोच, एकातून एक वाचत गेलो. आणि मला यात सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे ही सगळी विद्या पुस्तकांच्या रस्त्याने गेलीय. गांधीजींनी 1904 मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना रस्किनचं पुस्तक ट्रेनमध्ये वाचलं आणि झपाटल्यासारखं फिनिक्सचा आश्रम काढला, हे आपल्याला शाळेतच सांगतात. पण उलटा प्रवास कोणी सांगत नाही. कृष्णलाल श्रीधराणी म्हणून भावनगरकडचा एक तरुण दांडीयात्रेत चालला होता, तो पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला आणि 1939 मध्ये त्याने 'वॉर विदाउट व्हायोलन्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात गांधीजींची स्तुती नाही, पायऱ्या आहेत. आधी वाटाघाटी, लवाद, त्याने नाही झालं तर लोकांमध्ये प्रचार आणि निदर्शनं, मग निर्वाणीचा इशारा, मग स्वतःची तयारी, मग संप, पिकेटिंग, बहिष्कार, असहकार, कायदेभंग. 1942 मध्ये शिकागोत काळ्या-गोऱ्या तरुणांनी वंशभेदाविरुद्ध संघटना काढली तेव्हा हेच पुस्तक त्यांनी हँडबुकसारखं वापरलं. रिचर्ड ग्रेग नावाचे एक अमेरिकन वकील 1925 मध्ये साबरमतीला येऊन राहिले, परत जाऊन 1934 मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं आणि 1959 च्या आवृत्तीला प्रस्तावना कोणाची तर किंगची. खुद्द किंगनी विद्यार्थी असताना नुकतेच भारत बघून परतलेल्या हॉवर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांचं, मॉर्डेकाय जॉन्सन यांचं, व्याख्यान ऐकलं आणि बाहेर पडून गांधीजींवरची अर्धा डझन पुस्तकं विकत घेतली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. किंगचे कॉलेजातले गुरू बेंजामिन मेज तर 1936 च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले होते, आणि गांधीजींनी त्यांना सांगितलं होतं की हा निष्क्रिय प्रतिकार वगैरे नाही, हिंसक प्रतिकारापेक्षा हा कितीतरी जास्त सक्रिय असतो. वर्धा! आपल्या इथून लोक शेगावला जाताना वर्धेवरून जातात आणि खिडकीतून बघत पण नाहीत.

1957 च्या शेवटी तर अमेरिकेत याचं कॉमिक बुक निघालं, मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्काराची गोष्ट, दहा सेंट किंमत, अडीच लाखांच्या आसपास प्रती गेल्या. त्यात चित्रं आहेत, गांधीजी पण आहेत, आणि शेवटी ही पद्धत तुम्ही कशी वापराल त्याच्या सरळ सूचना आहेत. तेच कॉमिक 2008 मध्ये अरबीत आलं आणि कैरोत वाटलं गेलं. पन्नास वर्षांनी! आपल्याकडे गांधीजींचं कॉमिक म्हटलं की जन्म पोरबंदर, मग ट्रेनमधून ढकललं, मग चरखा, मग हे राम.

आता लॉसनने नागपुरातून नेलेलं तिकडे कसं वापरलं ते जरा बारीक सांगतो कारण माझा मुद्दाच तो आहे. 1958 मध्ये तो नॅशव्हिल शहरात गेला, तिथे दुकानात काळ्यांना सामान घेता यायचं, पैसे चालायचे, पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर बसून सँडविच खाता यायचं नाही. त्याने एका चर्चच्या तळघरात वर्कशॉप सुरू केले, महिनोन् महिने. खुर्च्या मांडायच्या, काही पोरं काउंटरवर बसलेली, काही पोरं गुंड झालेली, मग शिव्या, ढकलणं, सिगरेटचा धूर तोंडावर, खुर्चीवरून खाली ओढणं, आणि बसलेल्याने उलट काही करायचं नाही, डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर मधे कसं पडायचं, हे सगळं रिहर्सल करून. आपल्याकडे गणपतीत पंधरा मिनिटं वाजवायला ढोलपथकं दोन-दोन महिने प्रॅक्टिस करतात तसंच. मग जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफायेट या दोन विद्यार्थ्यांनी नियम लिहून काढले. मार बसला तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे. दुकानाचं दार किंवा जायची वाट अडवू नका. लीडरने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. कोणी चौकशी केली तर नम्रपणे लीडरकडे पाठवा. बघा यात तत्त्वज्ञान किती आणि कवायत किती! वाट अडवू नका हा नियम वाचून आमच्या कट्ट्यावर तर जोरात हसू आलं, आपल्याकडे आंदोलन म्हणजे आधी चौक अडवायचा.

त्या पोरींपैकी एक म्हणाली की आपण पण करून बघू न. मग वाचनालयाच्या हॉलमध्ये टेबल लावलं, ती बसली आणि वीज खात्यातून रिटायर झालेल्या आमच्या एका काकांना सांगितलं की तुम्ही तिच्यावर ओरडा. काका एकदम सज्जन माणूस, त्यांना आधी जमेचना, "अगं बाई, ऊठ न" असंच काहीतरी, सगळे हसून राहिले. दुसऱ्यांदा जरा आवाज चढला. मग काय झालं माहीत नाही पण नंतर त्यांनी असा काही सूर लावला, "तुमच्यासारख्यांना इथे बसायची परवानगी दिली कोणी," की हसणं बंद झालं, पोरीचे कान लाल झाले, तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती. ती काही बोलली नाही. नंतर चहा पिताना म्हणाली की मला माहीत होतं हे नाटक आहे, तरी मनात चार उत्तरं तयार होती आणि ती गिळायला सगळा जोर लागला. आणि काका म्हणाले की मला माझीच भीती वाटली, हा आवाज माझ्यात होता? तर साहेब, हे एक सकाळचं काम आहे, फी नाही, हॉल फुकट, आणि अहिंसेत जोर कुठे लागतो ते तिथल्या प्रत्येकाला कळलं, जे आयुष्यभर भाषणं ऐकून नव्हतं कळलं.

पुढे 13 फेब्रुवारी 1960 ला नॅशव्हिलची पोरं खरोखर जाऊन बसली, सव्वाशेच्या आसपास. 27 तारखेला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना मारलं, पोलिसांनी पकडलं कोणाला तर मार खाणाऱ्यांना, ऐंशीच्या वर पोरं. एक तुकडी पकडून नेली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसायची. दंड भरायला नकार, त्यापेक्षा तुरुंग. मार्चमध्ये लॉसनला त्याच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं. ईस्टरच्या खरेदीच्या सीझनला काळ्या वस्तीतल्या बायांनी शहरातल्या दुकानांत जाणंच बंद केलं, गल्ला बसला. एप्रिलमध्ये आंदोलनाच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब टाकला तर त्याच दिवशी हजारो लोक गप्प चालत सिटी हॉलवर गेले आणि डायन नॅश नावाच्या पोरीने महापौरांना सगळ्यांसमोर विचारलं की माणसाच्या रंगावरून असा भेद करणं तुम्हाला योग्य वाटतं का, आणि महापौरांना नाही म्हणावं लागलं. 10 मे 1960 ला काउंटर उघडले. आणि उघडले कसे हे वाचण्यासारखं आहे, आधी ठरवून, थोडी थोडी माणसं जाणार, पेपरवाल्यांनी गाजावाजा करायचा नाही, दुकानदाराला आपण हरलो असं गावभर दिसू द्यायचं नाही. जिंकलेल्या माणसाने विजय मिरवणूक काढली नाही! मला विचाराल तर पूर्ण प्रकरणात सगळ्यात अवघड भाग हाच असणार.

आता काही वाचक म्हणतील हे सगळं भोळेपण आहे, जगात असं चालत नाही. त्यांच्यासाठी पण वाचायला आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोघींनी 2011 मध्ये पुस्तक काढलं, 1900 ते 2006 मधली 323 आंदोलनं आणि बंडं तपासली, तर अहिंसक असलेली निम्म्याहून जरा जास्त यशस्वी झाली आणि शस्त्रं घेतलेली साधारण चौथा हिस्सा. त्याच चेनोवेथबाईंनी नंतर हे पण लिहिलंय की अलीकडच्या वर्षांत अहिंसक आंदोलनांचं यश कमी होऊन राहिलंय, नुसती गर्दी जमते पण तयारी नसते. हे पण छापा, चांगलं तेवढंच छापू नका.

आणि आपल्याकडचं वाचायचं तर दोन्ही बाजूंनी वाचायला पाहिजे. 2 मार्च 1930 ही तारीख बघा. त्याच दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहिलं की मी मिठाचा कायदा मोडणार, आणि त्याच दिवशी नाशिकला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एक सत्याग्रह इंग्रज साहेबाविरुद्ध, तो जगभर गाजला. दुसरा आपल्याच शेजाऱ्यांविरुद्ध, तो काही वर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही. त्याआधी 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली, लोक चिडले होते आणि उलट चालून जायची तयारी होती, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि कोर्टाचा रस्ता धरला, हायकोर्टाचा निकाल लागला 1937 मध्ये. दहा वर्षं. आणि याच बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत सांगितलं की आता घटनेचे मार्ग खुले आहेत, सत्याग्रह वगैरे सोडून द्या. लॉसन वाचायचा आणि हे भाषण वाचायचं नाही असं कसं चालेल? आमच्या कट्ट्यावर यावरून अशी जुंपली की वाचनालयवाल्यांना येऊन दिवे बंद करावे लागले, आणि अजून मिटलेलं नाही. सानेगुरुजींचं पण तसंच, मे 1947 चं पंढरपूरचं उपोषण सगळ्यांना माहीत, पण त्याआधी ते काही महिने महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, मन तयार केलं, मग उपोषणाला बसले, हे गाळून फक्त उपोषण शिकवलं की पोरांना वाटतं जेवण सोडलं की दार उघडतं.

भांडण झाल्यावर पुढे काय, हा तर आपल्या वाचनात पारच रिकामा कोपरा. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांची वंशभेदी राजवट संपल्यावर नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगाचं नाव निघालं की लोक त्याचे अध्यक्ष डेस्मंड टुटूंचा हसरा चेहरा आठवतात. प्रत्यक्षात 1996 पासून गावोगावी सुनावण्या झाल्या, आईने उभं राहून सांगायचं माझ्या पोराला कसं मारलं, मारणाऱ्याने पूर्ण खरं सांगितलं तरच माफी. सात हजारांवर अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. पोलिसांच्या कोठडीत जीव गेलेल्या स्टीव्ह बिको या तरुण पुढाऱ्याच्या घरच्यांनी तर आम्हाला न्याय हवाय, ही माफी नको म्हणून कोर्टात दाद मागितली होती. ज्या कुटुंबांनी आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं त्यांना भरपाई मिळाली ती उशिरा आणि शिफारशीपेक्षा कितीतरी कमी. हे वाचलं की समेट म्हणजे मिठी मारणं नाही एवढं तरी कळतं. कधीकधी मिठी पण असते म्हणा. तो नियम लिहिणारा जॉन लुईस, त्याला मे 1961 मध्ये रॉक हिलच्या बस स्टँडवर एल्विन विल्सन नावाच्या गोऱ्याने रक्त निघेस्तोवर मारलं होतं, लुईसने तेव्हा तक्रार पण नोंदवली नव्हती. 2009 मध्ये सत्तरी ओलांडलेला विल्सन आपल्या मुलाला घेऊन वॉशिंग्टनला खासदार लुईसच्या ऑफिसात आला आणि माफी मागितली, आणि मिळाली. अठ्ठेचाळीस वर्षं लागली. लॉसनला काढून टाकणाऱ्या व्हँडरबिल्टने पण 2006 मध्ये त्याला शिकवायला परत बोलावलं, तेव्हा तो सत्त्याहत्तरीला आला होता.

आणि इतक्या लांब कशाला, भिवंडी घ्या. 1984 ला तिथे भयंकर दंगल झाली होती. नंतर सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त आले, त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसं, दोन्ही समाजांची, आणि त्या भागातला पोलीस, दर काही दिवसांनी एकत्र बसायचे आणि नळाचं, गटाराचं, पोरापोरींचं भांडण तिथेच मिटवायचे. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. शाळेच्या पुस्तकात दंगलीच्या तारखा असतात, जिथे दंगल झालीच नाही तिथली तारीख कोण छापणार, पण पेपर तर छापू शकतो न? त्या बैठकांमध्ये लोक काय बोलायचे, रागावून उठून गेलेल्याला परत कोण आणायचं, अफवा आली की पहिला फोन कोणाला जायचा, हे सांगणारी माणसं आज पण भिवंडीत आहेत.

तर विनंती एवढीच आहे साहेब. रविवारच्या पुरवणीत एक कॉलम सुरू करा, फार मोठा नको, आणि त्यात थोर व्यक्तीचा फोटो नको, एक आंदोलन किंवा एक समेट घ्या आणि तो कसा केला तेवढंच सांगा, पैसा कुठून आला, नियम काय होते, कुठे फसलं, वाटाघाटीला कोण बसलं. जे फसले ते पण घ्या, काळाराम घ्या, मुळशी घ्या, सेनापती बापट आणि तिथले शेतकरी 1921 पासून टाटांच्या धरणाविरुद्ध लढले आणि धरण झालंच, मग पुढे काय झालं ते लिहा. मराठीत या विषयावर चांगली पुस्तकं नाहीत असं नाही, विनोबांचं आहे, सानेगुरुजींचं आहे, बाबासाहेबांचे खंड आहेत, पण वाचनालयात ती चरित्राच्या कपाटात कुलूपबंद असतात आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते दुपारी झोपायला जातात. (आमच्या नाही, आमचे चांगले आहेत, उगाच रागावतील.) कॉलमला लेखक मिळत नसेल तर आमच्या कट्ट्यावरच्या शाळेच्या बाई फार छान लिहितात, मी नाव सुचवून ठेवतो, मानधन नाही दिलं तरी चालेल, पण अंक मात्र वेळेवर घरी टाकत जा, आमच्याकडे पेपर हल्ली नऊला येऊन राहिला.

आपला नेहमीचा एक वाचक,
नागपूर

ता. क. लॉसन जून 2024 मध्ये गेला, पंच्याण्णव वर्षांचा होऊन. 1953 ते 56 मध्ये हिस्लॉपला त्याच्या हाताखाली खेळलेली मंडळी आज पंच्याऐंशी-नव्वदीची असतील. कोणी असेल तर तुमच्या बातमीदाराला लवकर पाठवा आणि तो मैदानावर कसा होता, हरल्यावर पोरांना काय म्हणायचा, एवढं तरी विचारून घ्या.